काचंमागची वाफ

मधी बोलू नगा, तरच सांगतो. मी गवंडी मानूस, भुताखेतावर थुकनारा.

कोल्हारला बनुबाई म्हनून म्हातारी हाय. तिच्या घराखालचं तळघर तिच्या नवऱ्यानं, गहिनीनाथानं, सोता खांदलेलं. तो मेला, म्हातारी एकटी पडली. काळ्या मातीच्या दाबानं तळघराच्या भिंतींला भेगा गेल्या. त्या मी दिवाळीत बुजवल्या अन् वरनं काचंच्या पट्ट्या चिकटवल्या. भिंत परत हालली तर काच तडकती, लगीच कळतं.

उन्हाळ्यात तपासाया गेल्तो. म्हातारीचा पोरगा समर्थ राहात्याला ऱ्हातो, फ्लॅटमधी. फोनवर म्हनतो, "भिंत पक्की आसंल तरच आई तितं ऱ्हाईल. न्हाईतर गाडी घिऊन येतो."

"माज्या कामावर शक व्हय रं? सोता ये की मंग बघाया!"

म्हातारी जिन्याच्या तोंडाशी कांदं निवडीत बसल्याली. गुडघ्यापायी खाली उतरवत न्हाई तिला.

"बजरंगा, पक्की हाय म्हन बाबा. तितं राहात्याला मला बोलाया कोन हाय?"

"अन् हितं कोन हाय, मावशे?" मी खेकसलो.

तिनं जिन्याखाली बघितलं.

लाईट गेल्ती. मोबाईलच्या उजेडात उतरलो. ओल्या मातीचा वास, अन् त्यात तंबाखूचा, गहिनीनाथ मळायचा तसला... थापीच्या दांड्यानं भिंत ठोकली. भरीव. काचा धड. मंग एका काचंवर वाफ दिसली. पुसली, निघंना. आतल्या अंगाला हुती. बघता बघता गेली... परत धरली... परत गेली.

"कोन हाय रं?" मी वराडलो.

वाफ यायची थांबली. कुनी दम धरल्यागत.

वरनं म्हातारीचा आवाज आला, "झालं का रं?"

समद्या काचा एकदम धुरकटल्या.

वर कसा आलो ठाव न्हाई. समर्थला फोन लावला. "भिंत पार गेलीय. आजच ने आईला!"

म्हातारीनं माज्याकडं बघितलंबी न्हाई. जिन्यात वाकून हळूच म्हनली, "राहात्याला चाललीय मी. चौथा मजला..."

परवा तिचा फोन आला. आवाज पोरीगत खुश.

"बजरंगा, हितं भेग पडलीय रं. काचंची पट्टी घिऊन ये."

"कोनत्या भिंतीला?"

"माज्या उशाकडच्या. भाईरच्या."

त्या भिंतीमागं चार मजले नुस्ती हवा हाय.