रिकाम्या कोपऱ्याचा भार

हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या. पूनम माझी सख्खी मावसबहीण, आणि थापा मारणं तिच्या रक्तात नाही. शिवाय ही रात्रीची गोष्टही नाही. गेल्या एप्रिलमधली, धामणगाव बढ्यातली, भर दुपारची आहे.

आधी तिचं काम सांगतो. कॉम्प्युटरमध्ये अख्खं घर उभं करतात आणि माऊस हलवला की त्यातून चालता येतं. ते चित्र क्षणोक्षणी नव्याने काढताना ग्राफिक्स कार्डावर किती भार पडतो, हे पूनम मोजते. पडद्याच्या कडेला आकडा असतो. समोर सामान जास्त, तर आकडा मोठा. नुसती भिंत असेल, तर लहान.

मावशीच्या आजारपणात ती गावी राहूनच काम करायची. चाचणीसाठी तिने आपलंच घर बनवलं होतं.

मधल्या खोलीच्या कोपऱ्यात मावशीने प्राण सोडला. जाताना शेषराव काकांचं, म्हणजे पूनमच्या वडिलांचं, मनगट घट्ट धरलं आणि म्हणाली, "मी एकटी नाही जात."

बोटं सोडवायला दोघं लागले.

त्या जागी पीठ पसरून वर टोपली झाकली, आपल्याकडे झाकतात तशी. सकाळी ठसा बघायचा... पाखराचा, मुंगीचा, कशाचा तरी. म्हणजे माणूस पुढे निघालं.

पीठ कोरं होतं.

"काहीच नाही उमटलं व," काका म्हणाले. "म्हंजे तुही माय अजून इथंच हाय."

"काहीतरीच काय, बाबा!" पूनम म्हणाली आणि कामाला बसली.

घरात कूलरची घरघर तेवढी. पडद्यावरच्या मधल्या खोलीत ती शिरली. आकडा आठ. मग त्या कोपऱ्याकडे वळली...

तीस.

कोपऱ्यात काही नव्हतं. तिने एकेक वस्तू लपवली. कोठी, कपाट, शेवटी भिंतीसुद्धा. पडदा काळाकुट्ट झाला. नुसता अंधार काढायला कार्डाला कसले आलेत कष्ट?

तरी तीसच.

तिथे काहीतरी काढलं जात होतं... आणि दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात आठ आले. हुश्श म्हणून तिने पडद्यावरची ओसरी बघितली. तिथे काकांची खाट असते.

खाटेच्या पायथ्याशी... तीस.

"बाबा, झोप लागली होती ना?"

"कायची झोप! पाय जड पडून राह्यले. कोनीतरी वर बसल्यावानी."

मग पूनम रोज दुपारी मोजू लागली. भार पायथ्यापासून वर सरकत होता. कमरेपाशी आला तसं काकांचं जेवण तुटलं. छातीपाशी आला तसा बसल्या जागी दम लागू लागला. तपासण्या झाल्या, त्यात काही निघालं नाही.

त्या दुपारी काकांच्या छातीची घरघर कूलरच्या वर ऐकू येऊ लागली. पूनमचा बांध फुटला. पडद्याकडे बघून ती ओरडली, "माय, सोड वं त्यायले! एकटीनं जमत नसंल तं माह्यासंग चाल!"

कूलर थांबला... लाईट मात्र होती.

तिने पडद्यावर खाट बघितली. तीस. पाठ फिरवली. तीस. स्वयंपाकघर, दार, मोकळं अंगण... जिकडे वळावं तिकडे तीसच.

मग तिच्या ध्यानात आलं. आता ते समोर नव्हतं. बघणारा जिथे उभा असतो, तिथे होतं.

बाहेरून काकांची हाक आली, "पूनम, भूक लागली व. भाकर हाय काय?"

त्याच आठवड्यात तिने गाव सोडलं. पुण्यात नवा कॉम्प्युटर घेतला, त्यात काहीही न बनवता नुसतं रिकामं दृश्य उघडलं. आकडा तोच.

काका ठणठणीत आहेत. शेतात जातात. पोरगी शहरात जाऊन बदलली, असं पारावर सांगतात. आपण परत गेलो आणि ते पुन्हा त्यांच्याकडे वळलं तर... या भीतीने ती दिवाळीलाही आली नाही.

परवा काकांनी दिलेला डबा घेऊन मी तिच्याकडे गेलो. ती निम्मी झाली होती. डबा तिने उंबऱ्यावरूनच घेतला.

"आत नको येऊ, दादा. बाबाले सांग, मी मजेत हाय."

मी तसं सांगितलं.

"मंग घरी येत काऊन नाही पोरगी?" काकांनी विचारलं.