फुटक्या बरणीतलं तेल

"पोलीस संध्याकाळी येणार आहेत," कमला उंबऱ्यातूनच म्हणाली. "तोवर खरा माणूस सापडला नाही, तर मालनबाईला धरून नेतील."

हयवदनने कॉफीचा तिसरा पेला भरला. "बसा. आधी झालं काय ते सांगा."

चामराजपेठेतल्या त्या दोन खोल्यांत हयवदन खाजगी तपासाची कामं घेई. शेजारी राहणारे शेषगिरीराव वाचनालयातून निवृत्त झालेले. ते रोज येऊन कोपऱ्यात बसत. हयवदन त्यांना प्रत्येक तपासाला बरोबर नेई. आपला तिथे नेमका उपयोग काय, हे कोडं मात्र शेषगिरीरावांना अजून सुटलेलं नव्हतं.

कमला राजाजीनगरच्या एका लहानशा कारखान्यात रसायनतज्ज्ञ होती. कारखान्यात तोंडाला लावायचा स्नो बनत असे.

"तेल आणि पाणी एकजीव राहावं म्हणून स्नोमध्ये साबणाचाच एक प्रकार लागतो," ती म्हणाली. "नाजूक कातडीची त्याने आग होते. मला साबणाशिवाय क्रीम करायचं होतं. मधात सापडणारं एक यीस्ट आहे. त्याला साखर आणि शेंगतेल द्यायचं, हवा द्यायची. ते आंबता आंबता एक चिकट पदार्थ तयार करतं. तो तेलापाण्याला धरून ठेवतो आणि कातडीला बोचत नाही."

"म्हणजे यीस्टने केलेला साबण?" शेषगिरीरावांनी भीत भीत विचारलं.

"काम साबणाचं, पण जाच नाही."

डोळ्यांना न दिसणारे जीव साखर खाऊन माणसाच्या गालासाठी औषध करून ठेवतात, हे शेषगिरीरावांनी आजवर कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं. ते या मुलीकडे आदराने पाहत राहिले.

"काल संध्याकाळी मोठी काचेची बरणी तयार होती," कमला पुढे म्हणाली. "तळाला मधासारखा दाट थर. त्यावर गढूळ पाणी, आणि सगळ्यात वर उरलेलं तेल, चांगलं बोटभर. आज नळी तळाशी सोडून दाट थर ओढून घ्यायचा होता. सकाळी मालनबाईची बोंब ऐकून धावत आले, तर बरणीचा चक्काचूर. कुलूप मात्र शाबूत. किल्ल्या मालकांकडे, माझ्याकडे, बाटल्या धुणाऱ्या मालनबाईकडे आणि माल विकत फिरणाऱ्या बसवंतकडे. मालनबाईला दुसऱ्या कुणा स्नोवाल्याने फितवलं, असं मालक म्हणतात."

घोड्याचा जटका करून तिघं राजाजीनगरला पोचले. मालक कृष्णाजीराव दारातच येरझारा घालत होते.

"माणसं बिघडलीत, दुसरं काय," ते म्हणाले. "वर्षभर या पोरीच्या यीस्टला पोसलं मी. मागच्या खेपेला नळी मी स्वतः धरली होती. ते सोनेरी मधासारखं बशीत उतरलं तेव्हा वाटलं, आपल्या शेडमध्ये हे घडतंय? आणि आता पाहा."

फरशीवर काचा होत्या, आणि काचांमध्ये तो दाट, सोनेरी चिकटा अजून तसाच बसला होता. हयवदन त्याच्याजवळ बराच वेळ उकिडवा बसला. नंतर कोपऱ्यातल्या शेंगतेलाच्या डब्याचं झाकण उघडून पाहिलं. डबा काठोकाठ भरलेला होता.

शेषगिरीरावांना काय करावं सुचेना. बरणीभोवती अंथरलेली वर्तमानपत्रं कमलाने सकाळीच बाहेर उन्हात टाकली होती. ती वाळून कडक झाली होती. सवयीने त्यांनी एक पान उचललं आणि वाचायला लागले.

"राव, चला," हयवदन म्हणाला, तेव्हा ते चोरी पकडल्यासारखे दचकले.

मालनबाई निपाणीकडची. पायरीवर बसली होती, पदराने डोळे पुसत नव्हती की रडतही नव्हती.

"मी फोडली असती तर सकाळी मीच बोंब मारली असती व्हय?" ती म्हणाली. "सोड्याच्या पाण्यानं हात भेगाळले होते माझे. कमलाआक्कानं आपलं मलम लावायला दिलं, तवा बरे झाले. ती बरणी मी फोडू?"

"बरणीचं तुम्ही काय करता?"

"आक्का तळातलं काढून घेती. वरचं उरलेलं मी मोरीत ओतती. एवढंच."

बसवंत मालाच्या नमुन्यांची पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसला होता. माणूस हसतमुख.

"मी फिरता माणूस, सर. आज तुमकूर, उद्या हासन."

"इथे येण्याआधी?"

"चंदनतेलाच्या भट्टीवर होतो. वाफेनं तेल निघायचं, ते पाण्यावर तरंगायचं, आम्ही अलगद उचलून घ्यायचो. धूर सोसेना, म्हणून सोडलं."

"मागच्या खेपेला बरणीतून माल काढला, तेव्हा होतात?"

"हुबळीला होतो. यीस्ट तेलासारखं कायतरी करतं, आणि त्याला मोठं मोल आहे, एवढं कानावर होतं. आमच्यासारख्याला स्वल्प कळतं, सर."

हयवदन मान डोलावून बाहेर आला. "राव, मघाशी ते पान वाचत होतात ना?"

शेषगिरीराव ओशाळले. "चूक झाली. छापलेलं दिसलं की..."

"वाचता येत होतं?"

"स्वच्छ."

"मागच्या पानावरची अक्षरं आड येत नव्हती?"

"नाही. का?"

"सरी, ठीक आहे," हयवदन म्हणाला. "सगळ्यांना आत बोलवा."

सगळे त्या काचांभोवती उभे राहिले. हयवदन हळू आवाजात बोलू लागला.

"बरणी फुटली तर तेल सगळ्यात लांब पसरतं, कारण ते पाण्यावर तरंगतं. कागदाला तेल लागलं की तो पारदर्शक होतो. कितीही वाळला तरी मागची अक्षरं दिसतात. ही पानं पाण्याने भिजली होती. यांना तेलाचा डाग नाही. रावांनी ती वाचून पाहिली नसती, तर मी ती कचरा म्हणून सोडून दिली असती."

शेषगिरीरावांनी खाली पाहिलं.

"म्हणजे बरणी फुटली तेव्हा तिच्यात तेल नव्हतंच. कुणीतरी ते आधी वरून उचलून घेतलं, आणि नेल्याचं कळू नये म्हणून बरणी फोडली."

"तेल कशाला?" कृष्णाजीराव म्हणाले. "वाया जाणारं ते."

"तेच तर. तळण्यासाठी हवं असतं, तर हा ताज्या तेलाचा डबा शेजारीच भरलेला आहे. आंबूस वासाचं कोण नेईल? ज्याने नेलं, त्याला तेच मोलाचं वाटलं. कमलाबाईंना तसं वाटणार नाही. मालनबाई ते दर खेपेला मोरीत ओतते. मालक, तुम्ही तर तळाशी नळी धरली होती. राहिला तो, ज्याने माल काढताना कधी पाहिला नाही, आणि ज्याच्या हाताला सवय आहे की किमती वस्तू पाण्यावर तरंगते."

बसवंतच्या चेहऱ्यावरचं हसू अजून तिथेच होतं, पण विसरून राहिल्यासारखं.

"पिशवीतल्या बाटलीत उरलंसुरलं शेंगतेल आहे, बसवंत," हयवदन म्हणाला. "ज्याला देणार होतास, त्याने क्रीम करून पाहिलं असतं तर दुसऱ्याच दिवशी तेल इकडे आणि पाणी तिकडे झालं असतं."

बसवंतने पिशवीकडे पाहिलं. "तळाला बसतं?" तो पुटपुटला. "इतकं भारी असतंय ते?"

बाटली त्याने स्वतःच काढून टेबलावर ठेवली. चिकपेठेतल्या एका स्नोवाल्याने त्याला भागीदार करून घ्यायचं कबूल केलं होतं. एवढं सांगून तो बाकावर बसला, आणि मग कुणाकडे पाहिना.

कमलाचं तिकडे लक्षच नव्हतं. ती गुडघ्यावर बसून फरशीवरचा चिकटा पळीने उचलत होती. "स्पिरिटमध्ये विरघळवून गाळलं तर काचा वेगळ्या होतील," ती स्वतःशीच म्हणाली. "तोंडाला नको, पण पुढच्या प्रयोगाला चालेल." घडल्या प्रकारातून इतक्या लवकर कामाकडे वळणारं मन शेषगिरीरावांनी क्वचितच पाहिलं होतं. आणि कागदावरच्या न दिसलेल्या अक्षरांतून माणूस शोधणारा हयवदन, तो तर समोरच उभा होता.

मालनबाई परत पायरीवर जाऊन बसली होती. कृष्णाजीराव तिच्यापाशी गेले. घसा खाकरला.

"मालनबाई, झालं ते झालं. उद्यापासून कामावर या."

"न्हाय," मालनबाई म्हणाली.

"का? मी चूक कबूल करतोय."

"इथं करून काय उपेग? सकाळी तुमचा माणूस माझ्या घरी आला. घर झाडून धुंडाळलं. शेजारपाजारचे सगळे दारात जमले होते. माझ्या सुनेनं पाहिलं, मालक."

कृष्णाजीरावांनी कमलाकडे पाहिलं, मग हयवदनकडे. कुणी मदतीला आलं नाही. मग खुंटीवरचा कोट आणि टोपी उतरवून त्यांनी घातली.

"तुमच्या घरी जायला जटका मागवू?" त्यांनी विचारलं.

"नको," मालनबाई पदर सावरून उठली. "चालतच जाऊ. वाटेत सगळी भेटतील."