आम्हाला नको

माझं नाव आयेले. बावीस वर्षं मी लोकांची मुलं सांभाळली. सहा घरं झाली. अक्रा शहरात दोन वर्षांचं रीतसर शिक्षण, प्रमाणपत्रावर लाल शिक्का, आणि त्या शिक्क्याचा अंगात भरपूर ताठा. रडणं भुकेचं की पोटदुखीचं, ताप कुठवर चढला की दवाखाना गाठायचा, हे मला विचारा. भुताखेतांचं मला विचारू नका, असं मी तेव्हा हसून सांगायचे.

पाचवं घर मांपाँगचं. कुमासीच्या वर, कड्यावरचं गाव. मी जानेवारीत पोहोचले तेव्हा वाळवंटाकडचा कोरडा वारा सुटला होता. ओठ फुटत होते आणि पुसलेल्या टेबलावर तासाभरात पुन्हा धुळीचा थर बसत होता. घर एका कोको व्यापाऱ्याचं, पिवळं, दुमजली. साहेब बहुतेक वेळ बाहेरगावी. घरी पोकुआ मॅडम, स्वयंपाक करणाऱ्या तिवामावशी आणि मुलगी. वरच्या मजल्यावर लांबलचक बंदिस्त व्हरांडा होता, भिंतीला टेकून एक बाक, आणि पार टोकाला कायम लावलेलं एक दार.

मुलगी दोन वर्षं दहा महिन्यांची. दोन्ही गालांवर तीन-तीन बारीक चिरांचे जुने व्रण. नाव सुमिना, म्हणजे उकिरडा. अशा नावांची माणसं आमच्याकडे सगळीकडे भेटतात. जिची मुलं जगत नाहीत ती आई पुढच्या मुलाला असं नाव ठेवते, म्हणजे नेणाऱ्याला वाटावं, यात नेण्यासारखं काही नाही. गालांवर चिरा पाडतात त्याही त्याचसाठी. माझ्या शाळेचे मुख्याध्यापकच सुमिना होते आणि रोज टाय लावून यायचे. नाव ठेवलं की विषय संपला, असं मी धरून चालले होते. या घरात तो रोज सकाळी नव्याने सुरू व्हायचा.

पहिल्याच दिवशी, सातच्या सुमारास, तिवामावशींनी पोरीला बखोटीला धरून मागच्या दाराने नेलं आणि स्वयंपाकघरामागच्या राखेच्या, कसावा कंदाच्या सालींच्या ढिगावर बसवलं. जरा थांबल्या, मग उचलून पुढच्या दाराने आत आणलं.

"मॅडम, उकिरड्यावर हे सापडलं. घेता का?"

मॅडम चहा ढवळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "आम्हाला नको."

"मग काय करू याचं?"

"टाक कुठेतरी कोपऱ्यात. पण आमचं नाही, सांगून ठेवते."

सुमिनाच्या टाचेला साल चिकटली होती. ती आईकडे बघत उभी होती आणि रडत नव्हती. मुलाने अशा वेळी रडायला पाहिजे.

मी स्वयंपाकघरात जाऊन तोफ डागली. "मावशी, हा काय छळ लावलाय लेकराचा?"

तिवामावशी उखळात फुफूच्या गोळ्यासाठी उकडलेला कसावा कांडत होत्या. "या, अक्राबाई. आल्या का शिकवायला? तीन गेल्या हिच्या आधी. तिन्ही मुली. तिसरं वर्ष पुरं व्हायच्या आत. नावं काय एकेक गोड ठेवली होती! कौतुक तर विचारू नको. सगळं गाव ऐकायचं."

"मलेरिया असणार."

"असेल बाई. तुझ्या प्रमाणपत्रात लिहिलं असेल तर असेल." त्यांनी मुसळ थांबवलं. "तू फक्त एवढं कर. लाडाने हाक मारू नको. गोड दिसते म्हणू नको. दोन महिन्यांत तिची तीन वर्षं भरतील, मग बघू."

मी हो म्हटलं आणि आठवडाभर पाळलंही. चेपलेल्या वाडग्यात तिला खायला दिलं, दुसऱ्यांचे जुने कपडे घातले. आठव्या दिवशी न्हाणीघराचं दार लावून मी तिच्या कोरड्या अंगाला शियाच्या बियांचं लोणी चोळत होते. ती माझ्या बोटाशी खेळत होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "ओहेमा." राणी.

तिने मागे वळून पाहिलं, मी आणखी कुणाशी बोलतेय की काय म्हणून. ते बघून मला स्वतःला आवरता आलं नाही. मी तिला छातीशी धरलं आणि कानात दहा वेळा तेच म्हटलं. तिसऱ्या दिवशी न्हाणीघरात शिरल्याबरोबर ती छातीवर बोट ठेवून म्हणाली, "ओहेमा." दार बंद असायचं, पाण्याचा नळ चालू असायचा. कोण ऐकणार होतं?

त्याच आठवड्यात, भर दुपारी, मी वर कपड्यांना इस्त्री करत होते. सुमिना समोर चटईवर निजली होती. व्हरांड्यातून हाक आली.

"ओहेमा."

आवाज माझा होता. आम्हा अक्राच्या लोकांच्या तोंडी त्यातला 'मा' जरा लांबतो, तसाच तो लांबला होता. सुमिना झोपेत हसली. मी व्हरांड्यात जाऊन पाहिलं. ऊन होतं, धूळ होती, टोकाचं दार लावलेलं होतं. बंद व्हरांड्यात आवाज घुमतात, आधी कधीतरी बोललेलं उशिरा कानात वाजतं, अशी काहीतरी समजूत मी घालून घेतली आणि उरलेले कपडे उरकले.

दुसऱ्या दिवशी बाकावर पाहिलं. फळीभर धूळ होती आणि तिच्यात तीन जागा स्वच्छ पुसलेल्या. लहान लहान. बसल्यावर मुलाच्या बुडाखालची धूळ पुसली जाते तेवढ्याच. मी ओल्या फडक्याने सगळा बाक पुसला. संध्याकाळपर्यंत धूळ परत बसली आणि तीन जागा तशाच.

पाचव्या दिवशी चार होत्या.

सुमिनाचं खाणं सुटलं. अंगात ताप नाही, जुलाब नाहीत, जीभ स्वच्छ. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पाठ ठोकून बघितली आणि साखरपाणी द्यायला सांगितलं. मी तिला कोकोची पोती तोलायच्या काट्यावर तोलत होते. अकरा किलो. दोन दिवसांनी साडेदहा. मग दहाला थोडं कमी. दिवसभर ती बाकावर त्या चौथ्या जागी बसून पाय हलवायची.

"इथे काय गं करतेस?"

"ताया आहेत."

"काय म्हणतात ताया?"

"माझं नाव छान आहे म्हणतात."

माझा ताठा तिथे संपला. मी तिवामावशींना तिच्यापाशी बसवलं आणि खाली जाऊन मॅडमना सगळं सांगितलं. वाटलं होतं, थोबाडीत देतील. त्या नुसत्या जमिनीवर बसल्या.

"किती दिवस झाले?"

"बारा."

"तुला वाटलं, ती मला नको आहे?"

मी त्यांच्यासमोर खाली बसले.

"आयेले, जन्मल्यापासून मी तिला एकदाही जवळ घेतलं नाही. तिचे मळके कपडे धुवायला जायच्या आधी मी खोलीचं दार लावून घेते आणि हुंगते. तेवढंच. मला वाटलं, तीन वर्षं कळ काढली तर पुढे जन्मभर ती आपलीच आहे."

वरून तिवामावशींची किंकाळी आली.

आम्ही धावलो. टोकाचं दार उघडं होतं. आत अंधार नव्हता. माझ्या डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, फक्त ऊन आणि तरंगणारी धूळ. सुमिना तिकडे चालली होती. तिवामावशी भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या.

"ओहेमा," माझा आवाज आतून म्हणाला.

"सुमिना!" मॅडम ओरडल्या. तिने वळूनही पाहिलं नाही. ज्या तोंडाने रोज नको म्हटलं, त्याचं ती का ऐकेल?

मी पुढे होऊन दंड धरला. अंग इतकं हलकं झालं होतं की मला धडकी भरली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि हसून दाराकडे बोट केलं. तिकडेही मीच होते ना.

"ओहेमा. ये."

ती सुटू बघत होती. मी गच्च धरलं.

मग मी दाराशी बोलले. "ओहेमा ही नाही," मी म्हणाले. "ओहेमा मी. अक्राहून आले ती मी. हिला कशाला बोलावता? ही उकिरड्यावरची."

आत सगळं गप्प झालं.

"आम्हाला नको ही," मी म्हणाले. "कुणालाच नको. मला तर मुळीच नको."

आणि मी तिचा हात झटकून दिला.

सुमिना माझ्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. तिला सगळं समजलं होतं. मग ती मटकन खाली बसली आणि मी त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा मोठमोठ्याने रडली. दार आपोआप, न वाजता लागलं.

मॅडमची बोटं तिच्याकडे गेली होती, ती त्यांनी मुठीत आवळली. "रडू नको," त्या म्हणाल्या, "घाण कुठली." आणि तोंडात अंगावरच्या कापडाचं टोक कोंबून जिना उतरल्या.

संध्याकाळी सुमिनाने वाडगाभर लापशी खाल्ली. चार दिवसांनी मी ते घर सोडलं. जाताना तिला हातसुद्धा लावला नाही.

ती जगली. आता कुमासीत तिचं औषधांचं दुकान आहे. मागल्या वर्षी पोकुआ मॅडमच्या अंत्यविधीला मी गेले होते. ती उंच झालीय, आईसारखं चालते. तिने माझ्याशी अदबीने हात मिळवला आणि नवऱ्याला सांगितलं, "या बाई लहानपणी मला सांभाळायच्या. माझ्यावर फार चिडायच्या." मी म्हटलं, हो, होते खरी मी तशी. तिला खरं सांगावंसं इतकं वाटलं की ओठ घट्ट मिटून बाहेर येऊन उभी राहिले. तिच्या गालांवरचे व्रण अजून आहेत, म्हणून गप्प बसले.

मी आता अक्रात एकटी राहते. दुपारी दोनच्या पुढे मला हाक येते. आता माझ्या आवाजात नाही, त्या तिघींच्या स्वतःच्या. मी हातातलं काम ठेवते, लेकराला पाठीशी घ्यायला बांधतात तसं पाठीला कापड बांधते आणि अंगणात फेऱ्या घालते. एका वेळी एकच येते, पाळ्या त्या आपसात ठरवतात. शेजारणी चेष्टा करतात, आजी, रिकामं कापड कशाला बांधता? कंबर दुखते, मी सांगते. आणि खरंच दुखते. सुरुवातीला पुढे दोन गाठी मारूनही हातभर पदर उरायचा. या वर्षी एकही गाठ नीट बसेना, म्हणून परवा बाजारात जाऊन मी लांब कापड फाडून आणलं.