देवराईतला झरा

२००३ सालच्या एप्रिलात मी आणि माझी धोंडुबाई आत्या राधानगरीच्या डोंगरात पाणी हुडकायला निघालो. धनगरवाड्याची विहीर आटली होती. बाकीची घरं कधीच खाली उतरलेली; आत्या तेवढी दोन म्हशी घेऊन एकटीच राहिलेली. मी गडमुडशिंगीहून ट्रक घेऊन तिला न्यायला आलो, तर म्हणते कशी, "आकाराम, देवराईतला झरा जिता आसंल तर पाइप टाकून पाणी खाली आणू आन् मी हितंच मरीन. नसंल, तर तुझ्या ट्रकात बशीन."

खरं सांगतो, झरा आटलेला असू दे असंच मला वाटत होतं. बायको वारली, पोरगी सासरी गेली. शाहूपुरीत माल उतरवून घरी आलो की बोलायला रेडिओच तेवढा.

तीन तासांची चढण. वाळलेल्या कारवीतून वाट काढत आम्ही वर सरकत होतो. एक पाखरू बोलत नव्हतं. "पाऊस म्हैनाभर पडायचा त्यो चार दिसांत कोसळतोय," आत्या धापा टाकत म्हणाली, "जमिनीत मुरंलच कसा?"

देवराईच्या शिवेवर शेंदराचा दगड आला. इथं चपला काढायच्या, ही आमची रीत. काढल्या! पण ही रीत पडली तेव्हा तिथं गर्द सावली आणि पालापाचोळा असायचा. आता दगडापुढं गवताचा पट्टा आणि त्याच्या वर उघडा कातळ. झाडं होती ती पार वरच्या घळीत.

"आत्या, चपला घालूया."

"देवाच्या हद्दीत? खुळा हाईस का?"

मीही ऐकलं! कातळावर पन्नास पावलांत तळव्यांना फोड आले. तेवढ्यात मागनं तडतड ऐकू आली. वळून बघतो तर धूर! गवत पेटलं होतं. वणवा! आमच्या चपला त्याच्या पोटात गेल्या. आत्या पडली. तिला पाठीवर घेतलं. पळालो! कातडी सोलली, तरी पळालो! कातळावर जळण्यासारखं काही नव्हतं म्हणून जाळ खालीच थांबला आणि आम्ही वाचलो.

"धा वर्सं मी वर आले न्हाई. हितली झाडं कुठं गेली रं?" पाठीवरून तिनं विचारलं.

खोटं बोलवेना. "मीच नेली, आत्या. शहाण्णव साली. कोळशाच्या भट्टीला. पल्याडच्या वाटेनं सोळा खेपा केल्या."

ती पाठीवरून उतरली आणि एकटी पुढं चालू लागली. धुराड्यांनी, मोटारींनी, तोडलेल्या रानांनी पृथ्वी तापत चाललीय, असं रेडिओवर सांगायचे. ते दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय असं मला वाटायचं. लाज वाटली मला, फार लाज वाटली.

घळीत पोचलो. झरा जिता होता! बोटभर धार आणि खाली घमेल्याएवढं डबकं. आत्या हसली. ही इथंच राहणार!

"हलू नगंस!" ती एकदम कुजबुजली.

समोर गवा! मादी होती, बरगड्या दिसत होत्या, मागं दोन महिन्यांचं वासरू. तिनं खूर आपटला. आम्ही एकेक पाऊल मागं घेत झाडाआड गेलो. वासरानं डबकं एका दमात संपवलं. मादीनं ओला दगड चाटला आणि डबकं पुन्हा भरायची वाट बघत तशीच उभी राहिली. आमच्या घशालाही कोरड पडली होती, पण पुढं जायची हिंमत नव्हती.

आत्या बराच वेळ बघत होती. मग तिनं पदर फाडून माझ्या पायांना चिंध्या बांधल्या. झाडांचं पुन्हा काढलं नाही. शिव्या घातल्या असत्या तरी बरं वाटलं असतं.

"चल. पल्याडच्या वाटेनं उतरू."

"आन् पाइप?"

"ऱ्हाऊ दे. मला न्यायला तू तरी आलास," ती गव्याकडं बघत म्हणाली. "हिला न्यायला कोण येणार हाय?"