अंजनबेटाची उघाडी

फाल्गुनी अमावास्येचा सूर्य अंजनबेटाच्या गढीवर चढला, तेव्हा खालच्या द्राक्षमळ्यात, पिकल्या घडांच्या मांडवाखाली, समुद्री लुटारूंच्या दोन तोफा गढीकडे तोंड करून बसल्या होत्या.

बेट लहानसे, चाळीस उंबऱ्यांचे. फिरंगी पाद्र्यांनी आणलेल्या वेली तिथे चार पिढ्या फुलल्या आणि देवळातल्या मिस्साच्या उपासनेसाठी लागणारा द्राक्षारस किनाऱ्यावरच्या गावोगावी इथूनच जाई. मळा मात्र समुद्रसपाटीच्याही खाली. लाटा अडवायला मातीचा बांध होता आणि बांधात लाकडी दाराची उघाडी. तिची राखण बस्त्यावच्या घराण्याकडे. भरतीला दार बंद, ओहोटीला उघडे, हा शिरस्ता साठ वर्षांच्या बस्त्यावच्या हाडात मुरलेला.

सगळा गाव आता गढीत कोंडला होता. किल्लेदार दों आफोंसूच्या मुदपाकखान्यात राबणारी बस्त्यावची बायको रोझीन घाईने बाहेर आली.

"ऐकलंत का? आज संध्याकाळी दरवाजा उघडणार आहेत. साहेबाला आणि शिपायांना होडीतून वाट मिळणार. त्या बदल्यात आपण सगळे गुलाम म्हणून लुटारूंचे. बायकापोरांसकट."

"तू नीट ऐकलंस?"

"माझ्या हातचं कालवण खात खात बोलले हो! मला काय समजतंय, असं वाटलं त्यांना."

बस्त्यावची नजर बांधाकडे गेली. अमावास्येचे उधाण दुपारी चढणार होते. मग टोपी हातात घेऊन तो किल्लेदारापुढे उभा राहिला.

"साहेब, मोसमाचा पहिला घड माझ्या हातानं उतरवायचा, ही गावाची रीत. हुकूम झाला तर तो त्या सरदारालाच नजर करीन. पाहुणा खूश होईल."

दों आफोंसू हसला. "शहाणा आहेस, बस्त्याव. जा. माझाही सलाम सांग."

मांडवाखाली लुटारू जेवायला बसले होते. त्यांच्या दाढीवाल्या सरदाराने बस्त्यावने दिलेल्या घडातले एक द्राक्ष तोंडात टाकून डोळे बारीक केले.

"काय रे म्हाताऱ्या, आंबट द्राक्षं देऊन जीव वाचवतोस होय?"

"बांधाकडची वेल गोड आहे, सरदार. आणतो."

"आण, आण. पळशील कुठं? चहूकडे पाणीच आहे!" सारे खदखदून हसले.

बस्त्याव उघाडीपाशी पोहोचला. दार थरथरत होते, फटींतून खारे पाणी उडत होते. खिट्टी काढायला एक माणूस पुरे. पण चढत्या भरतीपुढे तेच दार परत लावायला चौघे गडी लागतात, हे त्याला बापाने शिकवले होते. गुडघाभर पाणी आत घेऊन दार लावता आले असते, तर तोफा रुतल्या असत्या आणि वेलीही कदाचित जगल्या असत्या. पण तिघे गडी कुठून आणायचे? ते तर गढीत कुलपाआड होते.

त्याने क्रुसाची खूण केली आणि खिट्टी उपटली.

समुद्र आत कोसळला. तोफांच्या दारूची पिंपे उलटली, तोफांची चाके चिखलात गेली, माणसे ताटे टाकून मचव्यांकडे धावली. दारू भिजलेली, तोफा बुडालेल्या. आता लढायचे कशाने? उन्हे कलण्याआधी त्यांनी शिडे उभारली. सौदा फिसकटल्याचे पाहून दों आफोंसूही मागच्या दिंडीदरवाजाने आपल्या शिपायांसह होडीत बसून पसार झाला.

गढीचा दरवाजा फोडून गावकरी धावत आले, तेव्हा म्हातारा छातीभर पाण्यात पाठीने दार रेटत होता. दार तसूभरही हलत नव्हते. पाणी त्याच्या दोन्ही बाजूंनी मळ्यात निवांत पसरत होते.

"बाबा, सोडा आता," शेजारचा पावलू म्हणाला.

"तिघं या रे! अजून तिघंच हवेत!"

धावत गेले ते तिघे नव्हते, वीस होते. पण वेलींची मुळे तोवर खाऱ्या पाण्याखाली गेली होती.

पुढचे आठ दिवस गावाने विहिरीचे गोडे पाणी घागरी घागरी ओतून माती धुतली. नवव्या दिवशी पानांच्या कडा करपल्या. नवल म्हणजे घड तसेच टपोरे लटकत राहिले, आणि लोकांनी ते खाल्ले, कारण टाकायचे कसे? पुढच्या साली काय, हे कोणी कोणाला विचारले नाही. सगळे पिढीजात मळेकरी. सगळ्यांना ठाऊक होते.

रोझीनने एक घड बस्त्यावपुढे ठेवला. "माणसं वाचली ना, अहो?"

"वाचली," तो म्हणाला. समोर त्याचीच नातवंडे हनुवटीवरून रस गाळत हसत होती. त्याने एक द्राक्ष उचलले, बराच वेळ बोटांत धरले, आणि पुन्हा घडाशेजारी ठेवून दिले.