नऊ चिंचोके

आमच्या कारखान्याचं नाव मी सांगत नाही. एक तर तो आता राहिला नाही, आणि दुसरं म्हणजे जबलपुरात त्या काळी एकेका मराठी घरातून दोन-दोन कारखान्यांचे डबे भरले जायचे. नाव घेतलं की कुणाचा तरी काका, कुणाचा तरी मामा निघणारच. मी तिथे तपासनीस होतो. शंभर नगांतले आठ उचलायचे, मापायचे आणि त्या आठांवरून शंभरांचं भविष्य सांगायचं, हे माझं काम. माझं भविष्य सहसा चुकत नसे, आणि याची मला थोडी मिजासही होती.

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई सुरू झाली आणि आमची पाळी सकाळी सहा ते दोन झाली. त्यानंतर दोन ते सहा भराईघरात, तोफगोळ्यांत दारू भरायच्या कामाला, एक जादा माणूस लागायचा. त्याला दुप्पट ओव्हरटाइम, वर गूळ आणि दूध. पहिल्याच दिवशी त्यावरून हमरीतुमरी झाली तेव्हा सुपरवायझर शालिग्रामजी वैतागून म्हणाले, "आपस में तय कर लो, मुझे एक बजे नाम चाहिए." मग आम्ही चौघांनी पत्त्यांवर ठरवायचं ठरवलं. पोकर मला येत होता. नेपियर टाऊनमधल्या एका निवृत्त रेल्वे गार्डानं शिकवला होता. मी तो बाकीच्यांना शिकवला. जेवणाच्या सुट्टीत कडुलिंबाखाली एकच डाव, पैशांऐवजी चिंचोके. पाच पत्ते, नको असलेला एकदा बदलून घ्यायचा. जो जिंकेल त्याचं नाव चिठ्ठीवर. बाकी सगळ्यांनी पत्ते टाकून पॅक केलं तर जो उरेल तो जिंकला, मग त्याच्या हातात काही असो वा नसो. एकदा नाव लागलं की बदली नाही, हाही नियम आम्हीच केला होता.

चौघांत अंबादास सगळ्यांत म्हातारा. गुणवंत बडबड्या, त्याच्या हातातला चहाचा ग्लास कधी खाली राहत नसे. श्रीपाद लांजेवार माझा मित्र, राइट टाऊनमध्ये मागच्याच गल्लीत राहायचा. आणि मी, नीलकंठ. श्रीपादला पॅक करणं जमायचं नाही. हावरट नव्हता तो. डाव अर्धवट टाकणं त्याला शब्द मोडल्यासारखं वाटायचं. म्हणून बहुतेक दिवशी चिठ्ठीवर त्याचंच नाव लागायचं.

माझं नाव एकदाही लागलं नाही. खरं कारण आता सांगायला हरकत नाही. मला भराईघराची भीती वाटायची. लढाईच्या आधी एकदा आत गेलो होतो. दारातच अंगावरचे कपडे खुंटीला टांगायचे, त्यांचे दिलेले कपडे आणि कापडी जोडे घालायचे. काडेपेटी नाही, धातूचं बटणसुद्धा नाही. आत कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं, आणि तो कडवट वास दोन दिवस माझ्या जिभेवर राहिला होता. पण सगळं गाव रेडिओला कान लावून बसलेलं असताना मी भितो म्हणून कसं सांगणार? मग गणित कामाला आलं. पाचही पत्ते एकाच रंगाचे जमले की डाव बहुतेक आपलाच. तसे चार हातात असले तर पाचवा येण्याची शक्यता सत्तेचाळीसांत नऊ. म्हणजे पुढ्यातल्या ढिगात आपण टाकणार त्याच्या निदान सव्वाचारपट चिंचोके असतील तरच बसावं, नाही तर पॅक. हे मी दर वेळी मोठ्यानं सांगायचो. अंबादास मान डोलवायचा. कारखान्यात आकड्याला कुणी भित्रा म्हणत नाही.

चार तारखेला, पहिल्याच डावात, मला इस्पिकची दुरी, पंजी, अठ्ठी आणि गुलाम आले. सोबत एकटी बदामची राणी. हिशोब जमत नव्हता, मी पॅक केलं. नंतर सवयीनं कॅटवरचा वरचा पत्ता उलटून पाहिला. इस्पिकची चव्वी. बसलो असतो तर जिंकलो असतो. असं होतं, म्हणून हसलो.

पाच तारखेला तेच पाच पत्ते आले.

एकच हात दुसऱ्या दिवशी पुन्हा येण्याची शक्यता सव्वीस लाखांत एक. अशक्य नाही, असं मी स्वतःला बजावलं. पॅक केलं, वरचा पत्ता पाहिला. चव्वी. तिसऱ्या दिवशी मी नवा कॅट घेऊन गेलो, अंबादासला पिसायला लावला, गुणवंतला कापायला लावला. दुरी, पंजी, अठ्ठी, गुलाम, बदामची राणी. चौथ्या दिवशी मी जागा बदलून बसलो. काही फरक पडला नाही. पाचव्या दिवसापासून मी शक्यता मांडणं सोडून दिलं.

कुणाला सांगितलं नाही. फक्त श्रीपादच्या लक्षात आलं असावं.

"तू पत्ते न पाहताच पॅक करून राहिला आजकाल," तो एकदा घरी जाताना म्हणाला.

"पाहतो ना."

"नाही पाहत. काहून?"

मी रस्त्यावरच्या टांग्याकडे बोट दाखवून विषय बदलला.

दुसऱ्या आठवड्यात सगळेच थकले. ओव्हरटाइमची नवलाई संपली. आता गुणवंतही पटकन पत्ते टाकायचा, आणि डाव जिंकण्यापेक्षा डावातून सुटण्याची घाई दिसायची. फक्त श्रीपाद बसून राहायचा.

पंधरा तारखेला तो माझ्या शेजारी येऊन बसला. त्याच्या डब्यात नुसती पोळी आणि लोणचं होतं. त्याची बायको, कुंदा, आठव्या महिन्यात होती.

"सकाळपासून पोटात दुखून राहिलं तिच्या," तो हळूच म्हणाला. "घरी कोणी नाही. आज तू बस, नीळू. तू बसला की मी पॅक करतो. जिंदगीत पहिल्यांदा करीन."

"शालिग्रामजींना सांग ना."

"काय सांगू? तिकडे पोरं मरून राहिली, न् मी बायकोचं पोट दुखते म्हणू?"

पत्ते वाटले गेले. मला पाहायची गरज नव्हती, तरी पाहिले.

चौघांचा एकेक चिंचोका, श्रीपादचा आणखी एक. अंबादास आणि गुणवंतनं दोन-दोन टाकले आणि मग कंटाळून दोघांनीही पत्ते पालथे घातले. उरलो मी आणि श्रीपाद. पाळी माझी, मला दोन टाकायचे होते. ढिगात नऊ चिंचोके.

नवास दोन. साडेचारपट.

त्या बारा दिवसांत पहिल्यांदाच माझं गणित म्हणत होतं, बस. आणि वरचा पत्ता कोणता आहे ते मला ठाऊक होतं.

"हिशोब जमत नाही," मी म्हणालो आणि पत्ते टाकले.

श्रीपादनं माझ्याकडे पाहिलं नाही. त्यानं चिंचोक्यांकडे पाहिलं. ओठ किंचित हलले. तो मोजत होता. गणित मीच शिकवलं होतं त्याला.

"चलो," तो म्हणाला आणि उठला.

गुणवंत उठताना त्याचा ग्लास कलंडला. उरलेला चहा कॅटवर सांडला, वरच्या पत्त्याच्या कोपऱ्यावर. कॅट माझा होता. मी तो बाहीला पुसला, वाटलेले पत्ते गोळा करून त्याच्या खाली सरकवले आणि वरचा पत्ता न पाहताच खिशात टाकला.

मी घरी येऊन आडवा झालो होतो. तीन चाळीसला खिडकीची तावदानं थरथरली. आवाज तसा मोठा नव्हता, जड गोणी जमिनीवर पडावी तसा. मी उठून बसलो आणि बसूनच राहिलो. भराईघर उडालं होतं, आणि श्रीपाद आतच होता. पुढे चौकशी झाली, कुणाचीच चूक निघाली नाही. दुसऱ्या दिवशी लढाई संपली. गल्लीत पेढे वाटले गेले.

कुंदाला भेटायची हिंमत व्हायला मला तेरा दिवस लागले. ती इस्पितळातून घरी आली होती. बाजूला टोपलीत मुलगी निजली होती. कुंदाचे डोळे कोरडे होते. तिनं माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला.

"या भाऊजी. मी तुमची वाटच पाहून राहिली होती."

"वहिनी, त्या दिवशी..."

"मला माहीत आहे. ते सांगून गेले ना."

मी तिच्याकडे पाहिलं.

"चारला आले ते घरी. मी तर जमिनीवर पडली होती. म्हणाले, आज नीळू बसला, म्हणून मी सुटलो. मला उचललं. रिक्षा आणली. डॉक्टरीण म्हणाली, अर्धा तास उशीर झाला असता तर दोघी गेलो असतो."

"चारला?"

"चारचा भोंगा नुकताच झाला होता." तिनं मुलीच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. "शेजारच्या सत्यवतीकाकू म्हणतात, रिक्षा दारात उभी होती, पण सोबत कोणी नव्हतं. त्यांना नसेल दिसलं. मी रिक्षात बसली, वळून पाहिलं तर ते नव्हते. मला वाटलं, तुम्हाला सोडवायला परत गेले."

त्या वेळी एक शब्द बोललो असतो तर तिला खरं कळलं असतं. मी तांब्या उचलून पाणी प्यालो.

"तुम्ही बसलात म्हणून ते येऊ शकले, भाऊजी," ती म्हणाली. "हे उपकार मी या जन्मी विसरणार नाही."

त्या दिवशी भराईघरात कोण बसलं होतं, हे तिनं विचारलं नाही. पन्नास वर्षांत कधी विचारलं नाही. त्या मुलीला ती मला काका म्हणायला लावत आली.

निघताना तिनं देवाच्या फळीवरून एक पत्ता काढून माझ्या हातात दिला. "जाताना माझ्या मुठीत देऊन गेले. म्हणाले, हा नीळूचा आहे, तो मागायला येईल."

इस्पिकची चव्वी.

घरी आल्यावर मी कपाटातून माझा कॅट काढला. त्या दिवसापासून तो उघडला नव्हता. दार लावून, पलंगावर, एकेक पत्ता मोजला. बावन्न. एकही कमी नाही. सगळ्यांत वर इस्पिकची चव्वी, कोपऱ्यावर गुणवंतच्या चहाचा डाग, वाळून पिवळा पडलेला.

कुंदानं दिलेली चव्वी मी तिच्या शेजारी ठेवली. त्याच कॅटची पाठ, त्याच कोपऱ्यावर तोच डाग.

तो ओला होता.

आज सकाळी पाहिला, तेव्हाही ओलाच होता.