एडवीनची खिडकी

दुपारची कॉफी घेऊन मी वॉर्डात आले, तेव्हा बाहेर काळोख होता. इथे, उत्तरेच्या टोकाला, डिसेंबरात आमच्या किनाऱ्यावर सूर्य उगवतच नाही. साडेसहा फुटी मच्छीमार एडवीन नुकताच गेला होता. नर्सने रिवाजाप्रमाणे खिडकी उघडून ठेवली होती. जाणाऱ्याला वाट हवी. त्याची मुलगी बेटावरून बोटीने निघाली होती.

आमचा वरिष्ठ डॉक्टर स्टाइनार आला आणि त्याने आधी खिडकी लावली.

"बोटं गारठतात. ये योरीद, छातीत नळी कशी घालायची ते शीक. पोरगी यायच्या आत आटपू."

"तिला विचारलंस?"

"मेलेल्याला दुखतं होय? आणि तुझ्या प्रशिक्षणावर सही माझी लागते, विसरू नकोस."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिकायला माझी ना नव्हती. विचारलं असतं, तर एडवीन हसून हो म्हणालाही असता. पण माणूस जिवंत असताना विचारायला यांची जीभ रेटत नाही, आणि तो गेला की यांना हुरूप येतो.

"मी नाही करणार," मी म्हटलं.

"मग नुसती बघ."

त्याने सुरी बरगड्यांमध्ये टेकवली आणि खिडकीच्या काचेवर वाफ धरली. आतल्या बाजूने. तोंडाएवढा डाग, माझ्या डोक्याच्याही वर... विरला. पुन्हा उमटला. तिथे कुणीच उभं नव्हतं.

"स्टाइनार... काच बघ."

"काच काय बघायची? हात बघ माझा."

सुरी आत गेली. डाग आता भराभर उमटू लागला, धाप लागल्यासारखा. मी धावत जाऊन खिडकी सताड उघडली.

"सही विसर," म्हणत स्टाइनारने सुरी टाकली आणि कोट चढवून तो तरातरा निघून गेला. काच कोरडी झाली.

मुलगी, सोलफ्रीड, लगेचच आली. मी तिला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तिने बापाच्या छातीवरची चीर पाहिली, चादर नीट केली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. मीही गेले.

खाली दिव्याच्या उजेडात स्टाइनार गाडीकडे चालला होता. थंडीत त्याच्या तोंडून वाफ निघत होती. आणि त्याच्या अगदी मागे, डोक्याच्या हातभर वर, दुसरी वाफ... धापा टाकत.

मी हाक मारायला तोंड उघडलं. सोलफ्रीडने माझ्या हातावर हात ठेवला.

"राहू दे," ती हळूच म्हणाली, आणि तिने खिडकी लावून घेतली.